वाचक विचारतात : दुकानातलं प्लास्टिक कमी कसं करायचं?

दुकानातल्या पिशव्या, पुड्या, बरण्या आणि वेष्टनं यांवर वाचकांकडून आलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बरेच प्रश्न ‘प्लास्टिकऐवजी काय वापरू?’ असे आहेत. आमचं उत्तर बहुतेक ठिकाणी एकाच दिशेने जातं. वस्तू कशाची बनली आहे हे नंतर बघा. ती दुकानातून गेल्यावर परत कशी येणार, हे आधी ठरवा.

प्रश्न : सरकारी नियमाप्रमाणे आम्ही 120 मायक्रॉनच्या जाड पिशव्या ठेवल्या आहेत. काही गिऱ्हाइकांना ‘कापडी’ म्हणून मिळणाऱ्या न विणलेल्या रंगीत पिशव्या देतो. तरी पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात आमच्या पिशव्या पूर्वीइतक्याच दिसतात. कुठे चुकतंय?
– किराणा दुकानदार, डिचोली

उत्तर : पिशवी जाड करण्यामागचा हेतू ती पुन्हा पुन्हा वापरली जावी हा आहे. फुकट दिलेली जाड पिशवी लोक पातळ पिशवीसारखीच एकदा वापरून टाकतात, आणि मग प्लास्टिक वाढतं. हिशोब सोपा आहे. 30 बाय 40 सेंटिमीटरची साधी पिशवी पूर्वीच्या 50 मायक्रॉनची असेल तर साधारण 11 ग्रॅम भरते, 120 मायक्रॉनची असेल तर 26 ग्रॅमच्या वर. म्हणजे आधी दिवसाला 100 पातळ पिशव्या जात असतील, तर जाड पिशव्या 42 पेक्षा कमी गेल्या तरच वजनाने प्लास्टिक घटलं. तुमचा आकडा 60-70 वर असेल तर कचरा वाढलेला आहे, मग पिशवी कितीही नियमात बसो.

ती रंगीत न विणलेली पिशवीही पॉलीप्रॉपिलीनचीच, म्हणजे प्लास्टिकचीच. तिच्यासाठी प्रति चौरस मीटर 60 ग्रॅम हा किमान निकष आहे. ओळखायची खूण अशी : कड उसवून धागा ओढून बघा. कापडाचा उभा-आडवा धागा सुटून येतो. न विणलेल्या पिशवीचा धागा सुटत नाही, नुसता कापसासारखा तंतूंचा पुंजका निघतो, आणि प्रकाशात धरली की दाबून केलेल्या ठिपक्यांची नक्षी दिसते. गिऱ्हाइकाला ती ‘कापडी’ म्हणून देऊ नका.

घेतलेला माल खरोखर 120 मायक्रॉनचा आहे का, हेही तपासा. पिशवीचे दहा थर एकावर एक घट्ट दाबून व्हर्निअरने मोजले तर 1.2 मिलिमीटर भरायला हवेत. फक्त वजनावर विसंबू नका. स्वस्त पिशव्यांत चुनखडीची पूड मिसळलेली असते, त्यामुळे पातळ पिशवीही वजनाला भारी लागते. उत्पादकाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि जाडी छापलेली नसेल तर तो माल परत करा.

आता करायचं काय? पिशवीला वेगळी किंमत लावा आणि ती बिलात स्वतंत्र ओळीत दाखवा. त्याच्या जोडीला अनामतीवर कापडी पिशवी ठेवा. मांजरपाटाची, 38 बाय 42 सेंटिमीटर, तळाला 10 सेंटिमीटरची पट्टी घातलेली पिशवी 8 ते 10 किलो सामान सहज पेलते. गावातल्या स्वयंसहाय्य गटाकडून शिवून घेताना दोन जागा सांभाळा. पिशवी धरायचे पट्टे आतल्या बाजूने 5 सेंटिमीटर उतरवून चौकटीत फुलीची शिलाई मारायची आणि तळाची शिलाई दुहेरी घ्यायची. पिशव्या फाटतात त्या नेमक्या इथेच. अनामत पिशवीच्या खरेदी किमतीइतकी ठेवा. मळकी परत आली तरी पैसे द्या, धुणं दुकानाकडे. कापड पिकवायला आणि विणायला पाणी आणि ऊर्जा भरपूर लागते, म्हणून कापडी पिशव्या फुकट वाटणं हाही उपाय नव्हे. घरोघरी दहा-दहा पडून राहिल्या तर काही साधलं नाही.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या गर्दीत हे सगळं कोलमडतं, कारण तेव्हा पिशवी मागायला कोणाला वेळ नसतो. त्यासाठी यादीची जुनी पद्धत उपयोगी पडते. गिऱ्हाइकाने यादी आणि आपल्या पिशव्या दोन दिवस आधी आणून द्यायच्या, पिशवीला नावाची चिठ्ठी सुतळीने बांधायची, आणि दुपारच्या रिकाम्या वेळात सामान भरून ठेवायचं. यात दुकानदाराचाही वेळ वाचतो, म्हणून ही सवय टिकते.

प्रश्न : आमच्या छोट्या सुपरमार्केटात तांदूळ, डाळी, कडधान्यं सुटी विकायचा विभाग सुरू करायचा आहे. ओळखीच्या एका दुकानाने असाच विभाग केला होता, पण पहिल्याच पावसाळ्यात किडे आणि गठ्ठे होऊन तो बंद पडला. पेट्या कशा असाव्यात? कोणता माल ठेवू नये?
– फोंडा

उत्तर : गोव्यात सुट्या मालाचा विभाग जूनमध्ये सुरू करू नये. दिवाळीनंतर सुरू करा. हाताला सवय होईल, कोणता माल किती खपतो ते कळेल, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पेट्यांमधला माल किती ठेवायचा याचा अंदाज येईल.

पेट्या दोन प्रकारच्या लागतात. वरून भरायच्या आणि खालच्या तोटीतून माल सोडायच्या उभ्या पेट्या फक्त गोल, कोरड्या, घरंगळणाऱ्या दाण्यांना चालतात : उकडा तांदूळ, मसूर, वाटाणे, चणे, अळसांदे (चवळी), कुळीथ. आतल्या तळाचा उतार 45 अंशांपेक्षा जास्त हवा, नाहीतर कोपऱ्यांत माल अडकून राहतो आणि किडीची सुरुवात तिथूनच होते. रवा, पीठ, पोहे आणि साखर या पेट्यांत घालू नका. पीठ आणि रवा तोटीवर कमान धरून बसतात, मग गिऱ्हाईक पेटीला थापा मारतं आणि एकदम दोन किलो खाली येतं. साखर आपल्या हवेत पाणी ओढून दगड होते. या मालाला झाकणाची, डावाने काढायची पेटी हवी, आणि डाव पेटीत न ठेवता बाहेर साखळीला टांगावा, कारण दांड्याला लागलेले हात मालात जातात.

उभ्या पेटीत जुना माल आपोआप आधी निघतो. झाकणाच्या पेटीत उलट होतं : वरून नवा ओतला जातो, तळाचा महिनोन्महिने तसाच राहतो. म्हणून नियम एकच ठेवा आणि तो कधीही मोडू नका. पेटी पूर्ण रिकामी झाल्याशिवाय नवा माल ओतायचा नाही. त्यासाठी प्रत्येक मालाच्या दोन पेट्या लागतात. एक वापरात, एक धुऊन उन्हात वाळलेली. ओलसर पेटीत धान्य भरलं तर सगळे कष्ट वाया गेले. पावसात ऊन नसेल तर पंख्याखाली रात्रभर उघडी ठेवा, मग कोरड्या फडक्याने कोपरे पुसून बघा.

क्षमता मोठी घेऊ नका. 25 लिटरच्या पेटीत साधारण 20 किलो तांदूळ मावतो. पावसाळ्यात पेटीत आठवड्याच्या खपापेक्षा जास्त माल नको. धान्यात ओलावा 14 टक्क्यांच्या वर गेला की बुरशीला जागा होते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर उघड्या पोत्याला तिथवर पोहोचायला वेळ लागत नाही. मागच्या खोलीतली पोती फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवा. आठवड्यातून एकदा पोत्यातलं मूठभर धान्य पांढऱ्या कागदावर पसरा. सोंडे लगेच चालू लागतात. डाळीत जाळी दिसली तर अळी आहे असं समजा आणि ते पोतं त्याच दिवशी वेगळं काढा.

कायद्याच्या बाजूने काही बंधनं आहेत. दळलेले मसाले, म्हणजे हळद आणि मिरची पूड वगैरे, सुटे विकता येत नाहीत, बंद पाकिटातच विकावे लागतात. खडे मसाले सुटे चालतात. खाद्यतेलही सुटं विकायला मनाई आहे, राज्य सरकारने सूट दिली असेल तरच चालतं. घाण्यावरचं खोबरेल ठेवायचं असेल तर आधी राज्याच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयात विचारून घ्या. सोलं (आमसुलं) स्टीलच्या पेटीत ठेवू नका. मीठ आणि आंबटपणा मिळून साधं स्टील गंजवतं. त्यांना काचेची किंवा चिनी मातीची बरणी हवी.

वजन करताना भांडण होतं ते डब्याच्या वजनावरून. गिऱ्हाइकाचा रिकामा डबा आधी काट्यावर ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, मगच माल भरायचा. डबा आत नेऊन स्वतः भरायची सोय असेल तर दाराजवळ एक काटा ठेवा आणि रिकाम्या डब्याचं वजन पुसता येणाऱ्या पेनने तळाला लिहा. वजनमापे खात्याकडून काट्यावर दरवर्षी शिक्का मारून घ्यावा लागतो. सुट्या मालाच्या दुकानात तो शिक्का गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवला तर विश्वास लवकर बसतो.

डबा न आणलेल्यांसाठी कागदी पुडी ठेवा, पण छापील वर्तमानपत्राची नको. शाई अन्नात उतरते, आणि 2018 च्या पॅकेजिंग नियमांनी अन्नासाठी वर्तमानपत्र वापरायला मनाईच केली आहे. कोरा तपकिरी कागद घ्या : पाव ते अर्ध्या किलोला 60-70 जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) पुरतो, किलोला 80-90 जीएसएम आणि दुहेरी तळ. पिशव्या घरी चिकटवून घेत असाल तर खळीची चौकशी करा. मैद्याच्या खळीत बुरशी येऊ नये म्हणून मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. मोरचूद विषारी आहे. अन्नाच्या पिशवीला ती खळी चालणार नाही. साधी खळी करून त्या आठवड्याच्याच पिशव्या चिकटवा.

या विभागाला सगळ्यात चांगला महिना मे. पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी त्याच सुमारास होते, माणसं पोत्याने आणि डब्याने घेतात, आणि डबे घरून आणायची सवय त्यांना असतेच. त्या महिन्यात डबा आणणाऱ्याला किलोमागे थोडी सूट दिली तर पुढे वर्षभर तोच माणूस डबा घेऊन येतो.

प्रश्न : आमचा महिलांचा गट लोणची आणि आगळ (कोकमाचा रस) विकतो. प्लास्टिकच्या बरण्या सोडून काचेच्या परत घ्यायच्या आहेत. अनामत किती, धुणं कसं, झाकणांचं काय?
– शिरोडा

उत्तर : अनामत नव्या बरणीच्या खरेदी किमतीच्या जवळपास ठेवा. फार कमी ठेवली तर बरण्या गिऱ्हाइकाच्या फडताळात राहतात, फार जास्त ठेवली तर नवं गिऱ्हाईक बिचकतं. हे पैसे विक्रीच्या गल्ल्यात टाकू नका. ते परत द्यायचे पैसे आहेत. वेगळ्या डब्यात ठेवा आणि वहीत वेगळी पानं घाला. बरेच गट इथेच अडकतात : अनामत मालावर खर्च होते आणि दिवाळीनंतर एकदम बरण्या परत आल्या की द्यायला पैसे नसतात.

योजना जमली की नाही, ते परतीच्या टक्क्यावर ठरतं. शंभरात 50 परत आल्या तर एक बरणी सरासरी दोनच वेळा वापरली जाते. 80 आल्या तर पाच वेळा, 90 आल्या तर दहा. काच जड असते, तिला वितळवायला आणि वाहून न्यायला इंधन लागतं. त्यामुळे अर्ध्या परत येण्यावर समाधान मानू नका. परत घ्यायची जागा वाढवा : बाजारातलं तुमचं टेबल, माल ठेवणारं दुकान आणि गटातल्या दोघींची घरं.

सगळ्या मालाला एकच आकाराची, रुंद तोंडाची बरणी घ्या. अरुंद मानेत ब्रश जात नाही आणि खांद्याखाली तेल राहतं. कागदी लेबल साध्या खळीने लावा, कोमट पाण्यात पंधरा मिनिटांत सुटतं. प्लास्टिकचं चिकट लेबल खरवडताना नखं तुटतात आणि चिकटा काचेवर राहतो.

धुण्याचा क्रम असा. बरणी उजेडात धरून तोंडाची कड बोटाने नव्हे तर सुती फडक्याने फिरवून बघा, फडकं अडकलं तर टवका आहे, ती बरणी बाद. आधी तेल कागदाने पुसून काढा, नाहीतर सगळं धुण्याचं पाणी तेलकट होतं. मग 10 लिटर गरम पाण्यात 100 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून त्यात अर्धा तास बुडवा, ब्रशने घासा, दोन वेगळ्या स्वच्छ पाण्यांतून काढा. गरम पाण्यातून थेट थंड पाण्यात टाकली तर काच तडकते, मधलं पाणी कोमट ठेवा. शेवटी उकळत्या पाण्यात दहा मिनिटं आणि जाळीवर उलटी. फडक्याने आतून पुसू नका. भरताना आत एक थेंब पाणी राहिलं तरी लोणच्याला बुरशी येते.

झाकणं परत वापरू नका. पत्र्याच्या झाकणाच्या आतली मऊ कडी एकदा दाबली गेली की दुसऱ्यांदा हवा रोखत नाही, शिवाय ती लोणच्याचा वास धरून ठेवते. झाकणांचा खर्च किमतीत धरा. आगळासाठी आत लेप असलेलंच झाकण घ्या. साधा पत्रा आंबटाने काळा पडतो.

गोवा सरकारने 2024 मध्ये अशाच तत्त्वावर न कुजणाऱ्या वेष्टनांसाठी अनामत-परतावा योजना अधिसूचित केली आहे. तुमच्या वहीत बरण्यांची आवक-जावक नीट असेल तर अशा योजनांशी जोडून घेणं पुढे सोपं जाईल.

प्रश्न : काजूगर कागदी पाकिटांत विकायला घेतले, पण पावसाळ्यात ते मऊ पडतात आणि पर्यटक तक्रार करतात. प्लास्टिककडे परत जाऊ का?
– काजू विक्रेते, पणजी

उत्तर : काजूसाठी हवाबंद वेष्टन हवंच. गरात ओलावा 5 टक्क्यांच्या आत असावा लागतो, तो वाढला की कुरकुरीतपणा जातो, आणि हवेतल्या ऑक्सिजनने तेलाला खवट वास येतो. साधा कागद दोन्ही अडवत नाही. आतून प्लास्टिकचा पापुद्रा लावलेला कागद ओलावा अडवतो, पण तो ना कागदात जातो ना प्लास्टिकात. पाकीट फाडून पाण्यात भिजवा, पापुद्रा वेगळा निघाला तर ते कागदी म्हणून विकू नका. वाया गेलेले काजू हे वाया गेलेल्या पाकिटापेक्षा मोठं नुकसान आहे.

तुमच्या हातात आहे ते पाकिटाची संख्या आणि आकार. तोच माल पाच 100 ग्रॅमच्या पाकिटांत भरला तर अर्ध्या किलोच्या एका पाकिटापेक्षा सुमारे 1.7 पट वेष्टन लागतं, जोडाच्या कडा वेगळ्याच. भेट म्हणून देतात त्या खोक्यात आतला ट्रे, प्लास्टिकची खिडकी आणि वरचा पापुद्रा असतो. तिन्ही काढून टाकता येतात. स्थानिक गिऱ्हाइकाला त्याच्या स्टीलच्या डब्यात द्या. ठोक माल 11.34 किलोच्या पत्र्याच्या डब्यात येतो, आत नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड भरलेला. डबा फोडला की उरलेला माल लगेच लहान घट्ट झाकणाच्या बरण्यांत वाटून ठेवा आणि एका वेळी एकच बरणी उघडा.

धातूचा थर असलेली चकचकीत पाकिटं भंगारवाला घेत नाही. ती सुक्या कचऱ्यातून वेगळी काढून दाबून कर्नाटकातल्या सिमेंट भट्ट्यांत जाळायला जातात. जिथे टिकाव महिन्याभराचाच हवा आहे तिथे एकाच जातीच्या प्लास्टिकचं जाड पाकीट घ्या, त्याचा पुनर्वापर होऊ शकतो.

प्रश्न : ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या पिशव्या घेतल्या तर चालतील ना?
– पेडणे

उत्तर : आयएस/आयएसओ 17088 हा मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र असेल तर नियमाने चालतील. विक्रेत्याकडून प्रमाणपत्राची प्रत घ्या, त्यावरचं उत्पादकाचं नाव आणि पिशवीवरचं नाव एकच आहे का ते बघा. ‘बायोडिग्रेडेबल’ एवढाच शब्द पुरेसा नाही.

पण या पिशव्या कुजतात त्या 58 अंश सेल्सिअसच्या आसपास तापणाऱ्या मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात. परसातल्या खड्ड्यात, व्हाळात किंवा दर्यात त्या बराच काळ प्लास्टिकसारख्याच राहतात. साध्या प्लास्टिकमध्ये मिसळल्या तर तो मालही बिघडवतात. दमट गोदामात काही महिन्यांत त्या ठिसूळ होतात, तेव्हा वर्षाचा साठा एकदम घेऊ नका. ओल्या कचऱ्याच्या बादलीला लावायला त्या बऱ्या. सामान न्यायला त्या घेण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही.

प्रश्न : गिऱ्हाइकाला दिसत नाही असं प्लास्टिक मागच्या दाराने येतं : बंडलांवरचा पापुद्रा, बबल शीट, टेप. पुरवठादार ऐकत नाहीत.
– मडगाव

उत्तर : तोंडी सांगून होत नाही, ऑर्डरवर लिहून द्या. आधी एक आठवडा ते प्लास्टिक पुरवठादारानुसार वेगवेगळ्या पोत्यांत साठवा आणि ताणकाट्यावर तोला. वजनाचा आकडा समोर ठेवला की बोलणं बदलतं. रोज किंवा दिवसाआड येणाऱ्या मालाला 60 बाय 40 सेंटिमीटरचे, रिकामे एकात एक बसणारे क्रेट मागा. माल आणणाऱ्याच गाडीतून रिकामे परत जातात, वेगळं भाडं पडत नाही. क्रेटवर नंबर रंगवा आणि चलनावर आलेले-गेलेले दोन्ही आकडे लिहा, नाहीतर महिन्याभरात निम्मे क्रेट भाजीच्या गाळ्यांवर सापडतात.

उरलेला स्वच्छ, पारदर्शक पापुद्रा वेगळा ठेवा. टेप आणि स्टिकर कात्रीने काढून, कोरडा, पोत्यात दाबून भरला तर भंगारात त्याला भाव मिळतो. भिजला किंवा रंगीत मिसळला की भाव गेला. काचेच्या बाटल्यांना बबल शीटऐवजी पुठ्ठ्याचे खण घ्या. बाटली फुटते ती मान आणि तळाकडून, म्हणून खणाची उंची खांद्यापर्यंत हवी आणि तळाला पुठ्ठ्याचा जादा थर.

प्रश्न : मासळी, पाव आणि दूध या रोजच्या तीन वस्तूंचं काय करावं?
– गृहिणी, म्हापसा

उत्तर : मासळीला घट्ट झाकणाचा डबा न्या, आणि तो कापडी पिशवीत आडवा होऊ देऊ नका. घरून निघताना तळाला केळीच्या पानाचा तुकडा घाला, डबा धुताना वास कमी राहतो. मासळीवालीला डबा मासळी तोलून झाल्यावर द्या, म्हणजे वजनाचा वाद होत नाही.

पोदेराकडचा (पाववाल्याकडचा) गरम पाव प्लास्टिकात घातला की वाफ आतच राहते, पोयीची कड चामट होते आणि दुसऱ्या दिवशी बुरशी येते. गेटवर टांगलेली सुती पिशवी उत्तम, फक्त आठवड्यातून एकदा धुवा आणि संध्याकाळसाठीचा पाव झाकणाच्या डब्यात काढून ठेवा.

दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका. तो इवलासा तुकडा गटारात जातो आणि कोणाच्याही हाती लागत नाही. कोपरा लोंबता राहील एवढंच कापा, पिशवी एका बाजूने उघडा, ताकभांड्याच्या धुवणाने विसळा, दोरीवर वाळवा. कोरड्या पिशव्या एकात एक घालून सुक्या कचऱ्याच्या दिवशी वेगळ्या द्या. ही पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची असते, स्वच्छ असली तर भंगारवालाही घेतो.